आंतरलिंगी व्यक्तींविषयीचे आकर्षण

ज्या व्यक्तीची जननेंद्रिये, जननग्रंथी, गुणसूत्रे किंवा संप्रेरके जन्मतः स्त्री वा पुरुष यांपैकी कोणत्याच ठरीव नमुन्यात पुरती बसत नाहीत, तिला आंतरलिंगी (इंटरसेक्स) म्हणतात. अशा व्यक्तीविषयी वाटणाऱ्या कामाकर्षणाला सर्वमान्य असे स्वतंत्र नाव नाही. भिन्नलिंगी, समलिंगी, उभयलैंगिक ही नावे व्यवहारात समोरची व्यक्ती स्त्री म्हणून जगते की पुरुष म्हणून, यावरून लावली जातात. तिची गुणसूत्रे कोणी तपासत नाही. आंतरलिंगी असणे हे शरीराचे वर्णन आहे. त्या व्यक्तीचा स्वतःचा ओढा कोणाकडे असेल, हे त्यावरून ठरत नाही.

संज्ञा. ‘उभयलिंगी’ हा शब्द जास्वंदीसारख्या फुलालाही लावतात आणि स्त्री-पुरुष दोघांकडे ओढा असलेल्या माणसालाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत तो टाळला आहे. जुन्या लेखनात ‘द्विलिंगी’ आढळतो. ‘तृतीयपंथी’ हे मुख्यतः समाजगटाचे नाव असून बहुतेक तृतीयपंथी जन्मतः आंतरलिंगी नसतात. जोडीदाराचे लिंग ज्यांना निर्णायक वाटत नाही, अशा काही व्यक्ती स्वतःला ‘पॅनसेक्शुअल’ म्हणवतात. ‘स्कोलिओसेक्शुअल’ ही अलीकडची संज्ञा, स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्यांविषयीच्या आकर्षणाची. ती येथे लावणे चूक होय, कारण अनेक आंतरलिंगी व्यक्ती स्त्री किंवा पुरुष म्हणूनच जगतात.

इतिहास. चरकसंहितेच्या शारीरस्थानात द्विरेता म्हणजे स्त्री व पुरुष दोघांची चिन्हे धारण करणारा, आणि ईर्ष्याभिरती म्हणजे ज्याची कामेच्छा ईर्ष्येने जागते तो, हे एकाच यादीत येतात. शरीररचना आणि वासना यांची वेगळी खाती त्या ग्रंथकाराने मांडली नव्हती. सुश्रुताचे वर्गीकरण निराळे आहे. समलिंगी व भिन्नलिंगी या अर्थांचे युरोपीय शब्द कार्ल मारिया केर्टबेनी या लेखकाने 1868-69 च्या सुमारास घडवले.

वैद्यकीय बाजू. लोकसंख्येतील प्रमाणावर मतभेद आहेत. अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग या जीवशास्त्रज्ञेने 1.7 टक्के हा आकडा दिला, तर डॉक्टर लेनर्ड सॅक्स यांनी 2002 साली व्याख्या आवळून तो 0.018 टक्क्यांवर आणला. संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलतेत गुणसूत्रे एक्सवाय असतात, पण शरीर पुरुषी संप्रेरकाला दाद देत नाही. बाह्यरूप स्त्रीचे राहते. पाळी येत नाही म्हणून तपासणी केली, की निदान होते, कित्येकदा वयात आल्यावर. अशा स्त्रीशी लग्न केलेल्या पुरुषाला समलिंगी म्हणणे हा गुणसूत्राचा भाबडा हिशेब झाला.

कायदा. या विषयावर सर्वांत भरघोस कागद न्यायालयांत सापडतो. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 12 खाली जोडीदाराच्या नपुंसकतेमुळे शरीरसंबंध झाला नसल्यास विवाह रद्द करून घेता येतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने 22 एप्रिल 2019 रोजी उलट बाजूने विचार केला: त्या कायद्यातील ‘वधू’ या शब्दात स्वतःला स्त्री मानणारी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) वा आंतरलिंगी व्यक्तीही येते. आंतरलिंगी अर्भकांवरील अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवण्याचा आदेशही याच निकालात आहे व तमिळनाडूने त्याच वर्षी तो अमलात आणला. केंद्राच्या 2019 च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कसंरक्षण) कायद्याने आंतरलिंगी वैविध्याची व्याख्या केली, मात्र तिला पारलिंगीच्या पोटात घातले. या एकत्रीकरणाला आक्षेप आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी सुप्रियो खटल्याच्या निकालात समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला, पण भिन्नलिंगी नात्यातील पारलिंगी व्यक्तीला प्रचलित कायद्यांखाली लग्न करता येते, हे मान्य केले. म्हणजे जोडीदार तोच, भावना तीच, तरी आधी कागदावर लिंग कोणते लिहिले आहे यावर नात्याची वैधता अवलंबून राहते.

महाराष्ट्रातील उदाहरण. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचे वृत्तपत्रांनी छापले. निदानाचे नाव मात्र बातमीगणिक बदलते. भरती महिला शिपाई म्हणून झालेली असल्याने शस्त्रक्रियेसाठी रजा देण्यास खात्याने 2017 मध्ये नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण सेवाविषयक ठरवून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. पुढे राज्य शासनाने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे या नावाने ते पुरुष शिपाई म्हणून रुजू झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांचे एका स्त्रीशी औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) लग्न झाले, जानेवारी 2024 मध्ये मुलगा झाला. बातम्यांनी कौतुक केले ते ‘लिंगबदला’चे. पत्नीच्या बाजूने या नात्याकडे क्वचितच पाहिले गेले, आणि तिच्या ओढ्याला वेगळे नाव देण्याची गरज कोणालाच भासली नाही. संकलकाच्या मते ते योग्यच झाले.

संस्था. लैंगिक अल्पसंख्याकांसाठी 1994 पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट मुंबईत आहे.

मराठी लेखन. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांचे ‘इंटरसेक्स : एक प्राथमिक ओळख’. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकासाठी स्वतंत्र नोंद पाहावी.