वर्गाआधीची तयारी : फाळके ते नगर

मराठी चित्रपटाचा इतिहास आपण बहुधा चित्रपटांच्या यादीने सांगतो. तोच शिकण्या-शिकवण्याचा इतिहास म्हणून पाहिला, तर प्रश्न बदलतो : ही कला कोणाला, कोठे आणि कोणत्या अटीवर शिकता आली? जिल्ह्याच्या गावी चित्रपटनिर्मितीचा नवा वर्ग उघडणाऱ्या शिक्षकाने अभ्यासक्रम आखण्यापूर्वी या प्रश्नाला सामोरे जायला हवे.

पहिला वर्ग भरला तो दादासाहेब फाळक्यांच्या घरी. 1912 साली ते लंडनला जाऊन सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहून आले. परतल्यावर कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून त्यांनी भांडवलदारांना दाखवली. मग त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा चालवायला शिकवले. फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ या घरगुती शाळेतून बाहेर पडला.

पुढची पिढी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडली. दामले, फत्तेलाल, शांताराम हे तेथलेच शागीर्द. त्यांनी 1929 मध्ये ‘प्रभात’ काढली. ही परंपरा समृद्ध होती, पण स्टुडिओत शिरकाव झाल्याशिवाय विद्या मिळत नसे. 1960 मध्ये पुण्यात प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि शागिर्दीच्या जागी प्रवेशपरीक्षा आली. तेथे प्रा. सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’ दृश्यागणिक उलगडून चित्रपट कसा वाचावा हे शिकवले. दार रुंद झाले, तरी जागा मोजक्याच राहिल्या.

नगरचे महत्त्व या टप्प्यावर आहे. शाहू मोडक आणि सदाशिव अमरापूरकर ही या गावची माणसे, पण त्यांना पडद्यासाठी गाव सोडावे लागले. न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजातल्या कम्युनिकेशन स्टडीजच्या अभ्यासक्रमाने उलटा प्रवाह शक्य केला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे येथे शिकले. शाळेची ओढ असलेल्या मुलाची गोष्ट सांगणारा त्यांचा ‘पिस्तुल्या’ 2009 चा. त्याला पदार्पणातील दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतरचे. अभ्यासासाठी नगर पुरेसे ठरले आणि चित्रीकरणासाठी करमाळ्याचाच परिसर.

मग नव्या वर्गाची तयारी कोठून करावी? यंत्रसामग्रीची यादी करणे सोपे असते, म्हणून ती आधी होते. परंतु 1920 च्या सुमारास मॉस्कोत लेव्ह कुलेशोव्ह यांच्याकडे कोरी फिल्मच नव्हती, तेव्हा विद्यार्थ्यांनी रंगमंचावर ‘फिल्मविना चित्रपट’ केले आणि जुन्या फिल्मा कापून-जोडून संकलन शिकले. आज मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. उणीव असते ती सावकाश पाहण्याची. म्हणून पहिले काही आठवडे एकच चित्रपट, एकच दृश्य, पुन्हा पुन्हा पाहण्यासाठी राखून ठेवावेत.

दुसरी तयारी भाषेची. पटकथा, संकलन, छायालेखन हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. शेवगाव-पाथर्डीहून येणाऱ्या मुलाला ते इंग्रजीतूनच पेलावे लागले, तर वर्गाच्या दारावर जुनीच अट पुन्हा बसते. तिसरी तयारी कानाची. मेंढपाळांच्या भटक्या आयुष्यावरील भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणासाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आठवडी बाजार, ऊसतोडीची पहाट, गावातली भांडणे ऐकून टिपून आणणे हा विद्यार्थ्याचा पहिला गृहपाठ असू शकतो. त्याला खर्चही नाही.

पुण्याच्या अभ्यासक्रमाची छोटी नक्कल करण्याचा मोह जिल्ह्याच्या कॉलेजांना होतो. तसे केल्यास विद्यार्थी मुंबईच्या मालिकांना मदतनीस पुरवतील, यात गैर काहीच नाही. मात्र नगरच्या अनुभवाचा धडा वेगळा आहे : ज्यांच्यावर इतरांनी चित्रपट काढले, ती माणसे स्वतः कॅमेऱ्यामागे उभी राहू शकतात. नवा वर्ग कोणासाठी आहे, हे ठरवूनच वेळापत्रक लिहायला बसावे.