१२ जानेवारी १९६६ : राजभवनातून कुलगुरूंच्या खुर्चीत

पुणे विद्यापीठाचे कुलगुरू नरहर विष्णू ऊर्फ काकासाहेब गाडगीळ यांचे निधन झाले. लालबहादूर शास्त्री गेले त्याला एकच दिवस झाला होता. १९५८ ते १९६२ पंजाबचे राज्यपाल राहिलेल्या काकासाहेबांनी १९६४ मध्ये कुलगुरुपद स्वीकारले होते.

राज्यपाल हे विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती. म्हणजे कालच्या राज्यपालाने दुसऱ्या राज्यपालाच्या हाताखाली परीक्षा, निकाल, नेमणुका हे रोजचे किचकट काम अंगावर घेतले. मानाच्या उतरंडीत ही पायरी खालचीच, आणि म्हणूनच ती मोलाची वाटते.

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखनिजाच्या डोंगराशी काकासाहेबांचे नाव जोडावेसे वाटते. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज हे खाते काकासाहेबांकडेच होते. आज सूरजागडचे लोहखनिज ट्रक भरभरून बाहेर जाते. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ मात्र २०११ मध्ये आले. तोवर सूरजागडच्याच एटापल्ली तालुक्यातल्या पोरांचे विद्यापीठ दूर नागपूरला होते. खाण आणि विद्यापीठ, दोन्ही आतून ठाऊक असलेल्या माणसाची गरज या जंगलाला आज पुण्यापेक्षा जास्त आहे. माडिया आदिवासी घरातल्या मुलीचा प्रवेशअर्ज ज्या टेबलावर येतो, तिथे.