पोर्शनबाहेरचे तीन धडे

आपली १९९६ ची दहावीची बॅच. आपल्याला विज्ञानाची गोडी कशी लागली याचा विचार करतो, तेव्हा पुस्तकातल्या धड्यांआधी त्या काळात घडलेल्या तीन गोष्टी आठवतात.

आपण आठवीत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. दख्खनचं पठार स्थिर, असं आपण ऐकत आलो होतो. मग जमीन हलली कशी? सरांनी त्या दिवसांत पुस्तक बाजूला ठेवलं. जमीन हलते तेव्हा जड छत जागेवरच राहू पाहतं आणि दगड-मातीच्या जाड भिंतींना तो ताण पेलत नाही, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. आपल्यातले कितीतरी जण माळवदाच्या घरात राहत होते. घरी जाऊन प्रत्येकानं छताकडे पाहिलं. 'जडत्व' ही नुसती पाठ करायची व्याख्या राहिली नाही.

दहावीत, २१ सप्टेंबर १९९५ ला, गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. आपल्या आया-आज्याही त्या रांगेत होत्या. सर कुणाला हसले नाहीत. त्यांनी विटेच्या तुकड्याला काठोकाठ भरलेला चमचा लावला. दुधात शाई होती, त्यामुळे ओघळ कुठून खाली गेला ते सगळ्यांना दिसलं. पृष्ठताण समजला आणि आजीला न दुखावता घरी कसं सांगायचं, तेही समजलं.

महिन्याभरानं, २४ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. घराघरांतून दारं बंद होती. तरी काही जण शाळेच्या मैदानावर जमलोच. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून कागदावर पाडलेली सूर्याची कोर मुलींनीही पाहिली. काहींना त्यासाठी घरी बोलणी खावी लागली होती.

यातलं काहीच परीक्षेला नव्हतं. पोर्शन मागे पडला म्हणून सरांना वरून विचारणा झाल्याचं पुढे कानावर आलं. तरी त्यांनी आपला एकही प्रश्न 'नंतर बघू' म्हणून टाळला नाही. आज आपल्यापैकी काही जण शिक्षक आहेत, बाकीचे बहुतेक आईबाप. मुलं बातमीतला प्रश्न घेऊन येतील, तेव्हा त्यांना तेवढा एक तास द्यावा. सरांच्या ऋणातून थोडं तरी उतराई होण्याचा मला हाच मार्ग दिसतो.