नक्षी बदलली की माग बिघडला?

सोलापुरी चादर आपण घरोघरी पांघरतो; पण तिच्यावरची नक्षी लक्षात कोण ठेवतं, हे सहसा विचारत नाही. जकार्डच्या मागावर ते काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचं. भोक असेल तिथे सुई आत जाते, ताण्याचा धागा उचलला जातो. नसेल तिथे धागा खालीच राहतो. एका पुठ्ठ्यात बाण्याच्या एका धाग्यापुरता हुकूम. फ्रान्सच्या लिआँ शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४च्या सुमारास ही युक्ती चालती केली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तसेच पुठ्ठे योजले. १८९०च्या अमेरिकी जनगणनेची मोजणीही भोकांच्या कार्डांवर झाली. संगणकाचं मूळ असं मागापर्यंत पोचतं.

आता नवी नक्षी चढवली आणि कापड चुकीचं उतरलं, तर लगेच माग मोडीत काढायचा का? आधी पुठ्ठ्यांचा क्रम बघायचा, मग अडकलेली सुई.

संगणकात आज पुठ्ठ्यांच्या जागी पुष्कळदा सॉलिड स्टेट ड्राइव्ह असतो. त्यात फिरती तबकडी नाही. सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार साठवून माहिती ठेवतात. शिवाय त्याची स्वतःची छोटी आज्ञावली असते. मुख्य प्रणाली बदलली, की या दोघींचं जमावं लागतं.

ते नेहमी जमतंच असं नाही. ऑगस्ट २०१६मध्ये विंडोज १०ची मोठी सुधारणा आली आणि काही संगणक सुरू होताच गोठू लागले. प्रणाली सॉलिड स्टेट ड्राइव्हवर आणि बाकीची माहिती दुसऱ्या डिस्कवर, अशी त्यांची मांडणी होती. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला, पुढे दुरुस्तीही दिली. २०१८च्या सुधारणेत इंटेलच्या ६००पी मालिकेचे ड्राइव्ह असलेले संगणक कोसळू लागले, तेव्हा त्यांच्यासाठी ती सुधारणाच काही काळ रोखली गेली. दोन्ही वेळा ड्राइव्ह झिजलेला नव्हता. मेळ बसत नव्हता.

अशा वेळी घाईने सगळं पुसून नव्याने भरणं सर्वांत महाग पडतं. २००९च्या विंडोज ७पासून प्रणाली पुसलेली जागा ड्राइव्हला कळवते, ड्राइव्ह ती मोकळी करतो. मग लग्नाचे फोटो असोत की दुकानाची खाती, परत मिळणं जवळपास अशक्य.

म्हणून क्रम साधा ठेवावा. सेफ मोडमध्ये संगणक उठतो का, ते पाहावं. उठला, तर आधी माहितीची प्रत दुसरीकडे काढावी. मग जुन्या आवृत्तीकडे परतावं. विंडोज १०मध्ये त्यासाठी बहुधा दहाच दिवस मिळत. शेवटी ड्राइव्हच्या कंपनीची नवी आज्ञावली आली आहे का, ते बघावं. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळतं.

आणि नवी नक्षी चढवण्यापूर्वी जुने पुठ्ठे जपून ठेवावेत. मागावर काय, संगणकावर काय, ते एकदा हरवले की नक्षीच हरवते.