बेगम बाजारात राहता, पण कॉलेजात ‘लोकल’ आहात का?

हैदराबाद : तेलंगणातल्या कॉलेजांत ८५ टक्के जागा ‘लोकल’ विद्यार्थ्यांच्या. सरकारी फी परतावाही त्यांनाच, तोही उत्पन्नमर्यादेत बसलं तर. राज्यघटनेचं कलम ३७१-ड आणि १९७४ चा राष्ट्रपतींचा आदेश हा त्याचा पाया.

‘लोकल’ कोण? पात्रता परीक्षेच्या वर्षापर्यंतची सलग ४ वर्षं इथल्या शाळा-कॉलेजात शिकलेला. आधारवर बेगम बाजारचा पत्ता आहे, तेवढ्यावर भागत नाही.

पदव्युत्तर प्रवेशाला पात्रता परीक्षा म्हणजे पदवी. नांदेडला बारावी करून इथं ३ वर्षांचं बी.कॉम. केलं, तर एम.कॉम.ला एक वर्ष कमी पडतं. ४ वर्षांचं बी.टेक. इथंच केलं, तर एम.टेक.ला हिशोब जुळतो.

एमबीबीएससाठी नववी ते बारावी तेलंगणातच हवी. २०२४ चा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला कायम ठेवला. दहावी हैदराबादला आणि अकरावी-बारावी लातूरला केलेल्यांची इथं अडचण होते. महाराष्ट्राच्या कोट्यालाही साधारणपणे दहावी-बारावी दोन्ही तिथलीच लागते. म्हणजे मूल दोन्हीकडून बाहेर.

तेव्हा अकरावीला गाव बदलण्याआधीच वर्षं मोजा. प्रत्येक वर्षाचं बोनाफाईड जपून ठेवा.