हेडफोन व ध्वनिवर्धक यांची सोयरीक

मुंबई येथें २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. व्हॉल्व्हचें मोठें यंत्र ज्यांना परवडत नसे, त्यांना त्या काळीं जगांत सर्वत्र स्फटिकाच्या साध्या संचाचा आधार असे. त्याला ना विजेची जोडणी लागे, ना बॅटरी. उंच बांधलेली एक तार, जमिनींत पुरलेली दुसरी, तारेचें एक वेटोळें, गॅलेनाचा खडा आणि त्यावर अलगद टेकविलेली बारीक तार, एवढेंच त्याचें भांडवल. मात्र त्याला जोडावयाचा हेडफोन विशिष्ट जातीचाच असावा लागे. घरच्या टेलिफोनची साधी श्रवणी त्याला लावली, तर बहुधा कांहींच ऐकूं येत नसे. दोन किंवा चार हजार ओहमचा हेडफोन लावला, कीं तेंच गाणें स्पष्ट कानीं पडे. चुंबक, वेटोळें आणि लोखंडी पापुद्रा हीं अंगें दोहोंतही तींच. मग एक मुकी कां आणि दुसरा बोलका कां?

या प्रश्नाचें उत्तर विजेच्या इतिहासांत दडलेलें आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं विजेचा दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध प्रसिद्ध केला. १८४० च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथें काम करणाऱ्या याकोबीनें असें दाखविलें, कीं उगमाचा रोध आणि त्याला जोडलेल्या यंत्राचा रोध सारखे असतील, तेव्हांच त्या यंत्राला अधिकांत अधिक शक्ति मिळते. ध्वनीचा प्रवाह मात्र क्षणोक्षणीं दिशा बदलतो, आणि तारेचें वेटोळें अशा प्रवाहाला आणखी निराळा अडथळा करतें. या एकंदर अडथळ्याला ऑलिव्हर हेवीसाइड यानें १८८६ सालीं ‘इंपीडन्स’ हें नांव दिलें. मराठींत त्यास संरोध म्हणतात.

स्फटिकाच्या संचांतून निघणारी वीज ही उंच कड्यावरून पडणाऱ्या बारीक धारेसारखी असते. पाणी थोडें, पण पडण्याची उंची पुष्कळ. अशा धारेखालीं रुंद पात्यांचें जड चाक बसविलें, तर तें जागचें हलणार नाहीं. तेथें लहान लहान वाट्यांचें हलकें चाकच पाहिजे. टेलिफोनच्या श्रवणीचा रोध शंभर ओहमच्याही आंत असे. तें जड चाक होय. हेडफोनमध्यें केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असत, आणि प्रत्येक वेढा तोच दुर्बळ प्रवाह पुन्हां कामास लावी.

हा काटकसरीचा मार्ग पूर्णत्वास नेणाऱ्यांत अमेरिकेंतील युटा प्रांताचा नॅथॅनिएल बॉल्डविन हा अग्रगण्य होय. त्यानें आपल्या हेडफोनची जोडी १९१० सालीं अमेरिकेच्या आरमाराकडे परीक्षेसाठीं पाठविली. जहाजावरच्या बिनतारी कारकुनाचें सारें काम कानावर अवलंबून असे, आणि न ऐकूं आलेल्या एका संकेतामुळें शेंकडों माणसें प्राणांस मुकण्याचा संभव असे. बॉल्डविननें लोखंडी पापुद्र्यास थेट चुंबकासमोर न ठेवतां, चुंबकाच्या ध्रुवांमध्यें तोलून धरलेली लोखंडी पट्टी बसविली आणि तिची हालचाल एका काडीनें अभ्रकाच्या चकतीपर्यंत पोंचविली. तराजूच्या दांडीप्रमाणें ही पट्टी अल्पशा प्रवाहानेंही हले. आरमारानें मागणी केली. पण तो हीं यंत्रें घरच्या स्वयंपाकघरांत बनवीत असल्यामुळें एका वेळीं दहांहून अधिक देऊं शकत नसे. पुढें त्याचा मोठा कारखाना झाला. तथापि व्यवहारांत तो टिकला नाहीं, आणि १९२४ सालीं त्याच्या कंपनीचें दिवाळें निघालें.

याच सुमारास व्हॉल्व्ह सर्वत्र पसरूं लागला होता. व्हॉल्व्हचा स्वतःचा संरोध हजारों ओहमचा असल्यामुळें जुना हेडफोन त्याच्याशीं सहज जुळला. फक्त तारांची उलटापालट होऊं न देण्याची खबरदारी घ्यावी लागे; कारण व्हॉल्व्हचा एकदिश प्रवाह उलट वाहिला, तर हेडफोनमधील चुंबक हळूहळू दुर्बळ होत असे. पुढें अवघ्या कांहीं ओहमचे कर्णे आले, तेव्हां मध्यस्थ म्हणून ट्रान्स्फॉर्मर घालावा लागला. त्याच्या वेढ्यांचें प्रमाण पंचवीसास एक असेल, तर संरोधाचें प्रमाण त्याचा वर्ग, म्हणजे ६२५ येतें. ८ ओहमचा कर्णा व्हॉल्व्हला ५००० ओहमचा भासतो.

येथवर याकोबीचा नियम सर्वांना तारक ठरला. परंतु त्याची दुसरी बाजू आहे. संरोध सारखे असतांना अधिकांत अधिक शक्ति मिळते खरी, पण तितकीच शक्ति उगमाच्या पोटांत जळून जाते. जेथें शक्तीचा दुष्काळ आहे, तेथें हा तोटा सोसावाच लागतो. ध्वनिवर्धकानें शक्तीची सुबत्ता आणली, तेव्हां प्रश्नच बदलला. ध्वनि अधिक कसा मिळेल, याऐवजीं तो निर्मळ कसा मिळेल, हें पाहावयाचें होतें.

मुंबईचें केंद्र उघडल्यानंतर दहाच दिवसांनीं, २ ऑगस्ट १९२७ रोजीं, अमेरिकेंत हॅरल्ड ब्लॅक नांवाच्या इंजिनियरला कामावर जातांना नावेंत एक युक्ति सुचली. ध्वनिवर्धकांतून बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा कांहीं अंश उलटा करून पुन्हां आंत सोडावा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच सुधारतें. या युक्तीनें ध्वनीची विकृति कमी झाली, आणि ती योग्य रीतीनें योजली असतां ध्वनिवर्धकाचा स्वतःचा संरोधही ओहमच्या अंशापर्यंत खालीं आणतां येऊं लागला.

त्याचें महत्त्व एका उदाहरणानें कळेल. हेडफोनचा संरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. पापुद्रा ज्या खर्ज स्वराला आपोआप डोलतो, तेथें तो पुष्कळ वाढतो. समजा, एका हेडफोनचा संरोध ३२ ओहम असून खर्जांत तो ६४ होतो. ध्वनिवर्धकाचा संरोध १२० ओहम असेल, तर त्या खर्जाला इतर स्वरांच्या दीडपटीहून अधिक दाब मिळेल, आणि गायकाचा आवाज घागरींतून आल्यासारखा घुमेल. तोच संरोध २ ओहम असेल, तर हा फरक अवघा शेंकडा तीन राहील. म्हणूनच ध्वनिवर्धकाचा संरोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यवहारी दंडक आज पाळतात.

या नव्या युगांतही अधिक संरोधाचा हेडफोन टिकला, पण त्याचें कारण पालटलें. जर्मनीच्या बायर कंपनीनें १९३७ सालीं हलत्या वेटोळ्याचा डीटी ४८ हा हेडफोन काढला. त्या पद्धतींत बारीक तारेचें वेटोळें हलकें राहतें. झेन्हायझर कंपनीचा १९६८ चा एचडी ४१४ तर २००० ओहमचा होता. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत हेडफोनच्या वाटेवर मोठा रोध घातलेला असे, आणि २००० ओहमपुढें तो नगण्य ठरे. याउलट सोनीचा वॉकमन १९७९ सालीं आला तो दोन लहान घटांच्या तीन व्होल्टांवर चालणारा; त्याला कमी संरोधाचा हेडफोनच सोयीचा होता.

कारण गणित साधें आहे. एका व्होल्टाच्या दाबानें ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारें ३१ मिलिवॅट शक्ति मिळते. ३०० ओहमच्या हेडफोनला ३.३, आणि ६०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम १.७. म्हणून मोठ्या संरोधाचा हेडफोन खिशांतल्या यंत्राला जोडला, तर आवाज क्षीण येतो. जोर वाढवूं जातां यंत्राच्या दाबाची मर्यादा संपते, स्वरांचीं टोकें कापलीं जातात आणि ध्वनि खरखरतो. त्याला अधिक दाब देणारा स्वतंत्र ध्वनिवर्धकच पाहिजे. उलट, फार संवेदनशील हेडफोन बलाढ्य ध्वनिवर्धकाला जोडला, तर शांततेंतही फुसफुस ऐकूं येते.

एवंच, हेडफोनवरील ओहमचा आंकडा हा गुणाचा दाखला नव्हे. त्याबरोबर हेडफोनची संवेदनशीलता, ध्वनिवर्धकाचा दाब आणि त्याचा स्वतःचा संरोध हीं तिन्ही पाहावीं लागतात. स्फटिकाच्या संचापुढें बसलेल्या श्रोत्याला बरोबरीची सोयरीक हवी होती, कारण त्याच्या पदरीं शक्ति नव्हती. आजच्या श्रोत्याच्या पदरीं ती आहे, म्हणून त्याला दाबानें समर्थ आणि संरोधानें नम्र असा ध्वनिवर्धक हवा. वधूवरांची नुसती उंची मोजून लग्न ठरविणाऱ्याची जी फसगत होते, तीच नुसते ओहम मोजून हेडफोन घेणाऱ्याचीही होते.