तीन पांढरे पक्षी

निळ्या वर्तुळावर एक पांढरा समुद्रपक्षी कोरलेला असेल तर ते ‘ए’ पदक, दोन असतील तर ‘बी’ आणि तीन असतील तर ‘सी’, अशी ग्लायडिंगच्या पदकांची जुनी आणि आजही मनोहर वाटणारी परिभाषा आहे. व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांवर निर्बंध लादल्यामुळे १९२० साली जर्मन तरुण वासरकुप्पेच्या डोंगरमाथ्यावरून इंजिनाविना उडू लागले, आणि त्यांच्या प्रयोगांतूनच या पदकांच्या अटी ठरत गेल्या. ‘ए’ला अर्धे मिनिट सरळ उड्डाण पुरे होई, ‘सी’ला मात्र सुटल्या उंचीच्याही वर पाच मिनिटे तरंगावे लागे. त्यापुढच्या रौप्य पदकाला तर ५ तास, ५० किलोमीटर आणि १,००० मीटर उंचीची कमाई, अशी तिहेरी कसोटी असे. हडपसरहून आकाशमार्गे दौंड गाठले, तर त्यातील अंतराची अट पुरी होऊन वर काही शिल्लक उरते.

आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ साली झाला आणि १९५० साली तिची हवाई शाखा निघाली. परंतु छात्राच्या अंगावर गणवेश चढला तरी त्याला उडविणारे मैदान, विंच (ग्लायडर दोराने ओढणारे यंत्र) आणि शिक्षक यांची तरतूद मुलकी बाजूलाही करावी लागली. आणि नागरी विमान वाहतूक खात्याने सासवड रस्त्यालगत हडपसरला चालविलेल्या ग्लायडिंग केंद्राचे महत्त्व मला नेमके यातच दिसते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, पाठोपाठ आकुर्डी-चिंचवडची शेते कारखान्यांना गेली, पुढे तोच ओघ चाकणकडे वळला. अशा यंत्रघोषात वाढणाऱ्या मुलांच्या शहरापासून काही कोसांवर, कोणतेही यंत्र न वाजविता उडण्याची विद्या सरकारी दप्तरात नोंदली जाऊन शिकविली जात होती, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासात ठळकपणे लिहिली गेली पाहिजे.

या विद्येची साधनेही खात्याच्याच तंत्रज्ञांनी घडविली, आणि त्यांना नावे दिली ती बहुतेक नक्षत्रांची: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. शेजारी शेजारी बसण्याची दोन आसने असलेली लाकडी रोहिणी १९६१ साली उडाली, आर्द्रा १९७९ साली. आपल्या शेतकऱ्याला यांतली शेवटची नावे पावसाची म्हणून पाठ. ग्लायडरला मात्र मृग आणि आर्द्रा म्हणजे जमिनीवर स्वस्थ बसण्याचे दिवस, कारण त्याचे खरे सुगीचे दिवस फाल्गुन-चैत्रातले, जेव्हा तापलेल्या माळावरून उष्ण हवेचे स्तंभ उठतात. ते डोळ्यांनी दिसत नाहीत, पण पंख न हलविता घिरट्या घालणारी घार त्यांचा ठिकाणा सांगते. तिच्याखाली ग्लायडर नेऊन वळविणाऱ्या छात्राने पुस्तकातले पुष्कळसे शिकून घेतलेले असते.

मात्र ‘सी’ मिळविणाऱ्याच्या कर्तृत्वात इतरांचाही वाटा असतो, आणि तो मोजण्याचे साधन पदकाजवळ नाही. विंचचा पोलादी दोर सुमारे किलोमीटरभर लांब. तो ग्लायडरच्या आकड्याला अडकवायचा, एकाने पंखाचे टोक हातात तोलून धरायचे, दुसऱ्याने झेंड्याने खूण करायची. मग दोर ताणला जातो, ग्लायडर जागचे हलते, आणि टोक धरणारा मुलगा त्याच्याबरोबर धावू लागतो. वैमानिकाला वर जाऊन दोर सोडायचा असतो. या मुलाला तिसऱ्या-चौथ्या पावलाला, पंखाने स्वतःचा तोल धरला असे जाणवताच, हात सोडायचा असतो. क्षणभर उशीर झाला तर ग्लायडर वाकडे होईल, घाई झाली तर पंख जमिनीला टेकेल. उतरलेले ग्लायडर पुन्हा मैदानभर ढकलत आणायचे, तेव्हा मघाचा वैमानिक पंखाला हात लावतो आणि पंखवाला आसनात बसतो.

पुढे छात्रसेनेच्या हवाई शाखेत इंजिनाची मायक्रोलाइट विमाने आली आणि विंचपाशी रांगेने थांबण्याची निकड उरली नाही. पण ज्यांनी ती रांग धरली, त्यांच्या तळहाताला पंखाच्या टोकाचे ते सुटणे, आणि सुटताना अचानक हलके झालेले वजन, अजून ओळखीचे आहे.